अर्धांगवायू आणि रोहिणीचे अंतरंग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ह्या संमेलनात शिक्षण, विवाह, वसतिगृह, हुंड्याची चाल अशा विषयांवर बोलण्याचा आपला परिपाठ आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावर सोपविली. आम्ही निवडलेला विषय ऐकून काही मंडळींनी भुवया उंचावल्या, आणि ते योग्यच होते. आम्ही वैद्य नाही, डॉक्टर नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि सारी हयात प्राथमिक शाळेत मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात घालविली. अशा माणसाने रोगावर आणि यंत्रावर बोलावे हे एक धारिष्ट्यच होय.

परंतु सभेच्या आरंभी आपण सर्वजण उभे राहून दिवंगत सभासदांस आदरांजली वाहतो, ती नावांची यादी वाचण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. यादीत नावापुढे मृत्यूचे कारण लिहिलेले नसते. तथापि घरे आमच्या माहितीची असतात. "अंगावरून वारे गेले", "लकवा मारला", "एक बाजू गेली" हे शब्द त्या यादीच्या मागून आम्हांस पुन्हा पुन्हा ऐकू येतात. चार वर्षांपूर्वी त्या यादीत आमच्या सख्ख्या थोरल्या बंधूंचे नाव होते. ते नाव वाचताना आमचा आवाज का अडखळला, हे तेव्हा कोणी विचारले नाही. आज आम्ही ते सांगणार आहोत.

अण्णा, म्हणजे आमचे बंधू, गावी राहत. एके दिवशी सायंकाळी त्यांनी आम्हांस दूरध्वनी केला. म्हणाले, "अरे, आज दुपारी उजव्या डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे झाले आणि डावा हात पाव तास मेल्यासारखा पडून राहिला. आता सारे ठीक आहे. काय असेल?" आम्ही शहरात राहणारे, चार पुस्तके वाचणारे, म्हणून त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही काय उत्तर दिले? "वाताचा जोर झाला असेल, अण्णा. हाताला तेल चोळा, गार वाऱ्यात बसू नका. आपोआप गेले ना? मग झाले तर." नवव्या दिवशी पहाटे अण्णांची डावी बाजू गेली. घरच्या मंडळींनी दिवसभर तेल चोळले, शेक दिला, गावातील जाणत्यास बोलावून उतारा काढला, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सायंकाळ झाली. त्यानंतर अण्णा चार वर्षे अंथरुणावर होते. त्यांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. पण पाव तासात निघून गेलेला तो झटका ही सूचना होती, आणि ती सूचना आमच्या सल्ल्याने वाया गेली, हे आम्ही विसरू शकत नाही.

हा रोग ह्या पुणे शहरास अनोळखी नाही. महात्मा ज्योतीराव फुले ह्यांस १८८८ च्या मे महिन्यात मुंबईस जनतेने 'महात्मा' ही पदवी दिली, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर विश्राम रामजी घोले ह्यांनी त्यांच्यावर उपचार केले. घोले रस्ता हे नाव आपण रोज घेतो, ते ह्याच घोल्यांचे. उजवा हात निकामी झाल्यावर ज्योतीरावांनी डाव्या हाताने लेखणी धरली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरे केले. ते छापून निघाले १८९१ साली. ज्योतीराव त्यापूर्वीच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, निवर्तले होते. त्या माणसाचा निर्धार मोठा, ह्यात शंका नाही. पण आज आम्ही दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. घोल्यांसारखा कुशल डॉक्टर उशाशी बसलेला असूनही रोग्याच्या डोक्याच्या आत डोकावण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागला तोच १८९५ साली. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे पहिले क्ष-किरण चित्र पोर्तुगालच्या मोनिझ ह्यांनी १९२७ मध्ये काढले, आणि ज्यास आपण सी. टी. स्कॅन म्हणतो त्याने पहिला रोगी लंडनमध्ये १९७१ साली पाहिला.

आता हा रोग म्हणजे काय ते आमच्या अल्प समजुतीप्रमाणे सांगतो. आपल्या पूर्वजांनी त्यास वायू म्हटले, कारण तो वाऱ्यासारखा अचानक येतो आणि झाडाची फांदी मोडावी तसे अंग मोडून जातो. लक्षण त्यांनी अचूक पाहिले होते. परंतु अंगावरून काही जात नाही. बिघाड मेंदूत होतो. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या असतात, त्यांस धमन्या असेही म्हणतात. त्यांतील दोन मोठ्या रोहिण्या मानेच्या दोन बाजूंनी वर चढतात. जबड्याखाली बोट ठेवले असता जो ठोका लागतो, तो त्यांचाच. ह्या नळांपैकी एखादा तुंबला किंवा फुटला की मेंदूचा तेवढा भाग उपाशी पडतो, आणि तो भाग शरीराच्या ज्या बाजूवर सत्ता चालवितो ती बाजू लुळी पडते. मेंदूच्या डाव्या अंगाची सत्ता उजव्या बाजूवर आणि उजव्या अंगाची डाव्या बाजूवर चालते. डोळ्याचे मात्र तसे नाही. ज्या बाजूची मानेची रोहिणी बिघडते, त्याच बाजूच्या डोळ्यावर पडदा येतो. अण्णांचा उजवा डोळा आणि डावा हात ही दोन्ही लक्षणे मानेतील उजव्या रोहिणीकडे बोट दाखवीत होती. हे आम्हांस फार उशिरा कळले.

नळाची गोष्ट पुणेकरांस समजाविणे कठीण नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत पाणी आणणारा दगडी नळ जमिनीखालून बांधला गेला. पाणी केवळ उतारावर वाहत येई. त्या नळास ठिकठिकाणी वर विहिरीसारखी तोंडे ठेवलेली होती, त्यांस उच्छ्वास म्हणत. आता कल्पना करा की हौदात पाणी किती पडते एवढेच आपण मोजले, तर नळ चालू आहे की बंद, इतके कळेल. पण आत कोणत्या जागी गाळ साचला आहे, दगडाचा सांधा कोठे सुटला आहे, कोणता चिरा उद्या कोसळून पाणी अडविणार आहे, हे पाहावयाचे तर उच्छ्वासातून खाली उतरावयास हवे. मानेच्या रोहिणीस असा उच्छ्वास नाही. म्हणून डॉक्टर मंडळी बहुतेक वेळ हौदाकाठी उभे राहून पाण्याचा अंदाज घेत असत.

रोहिणीत साचते ते काय? भांड्याच्या बुडास जसे किटण धरते, तसे रोहिणीच्या अस्तराखाली चरबी, चुन्यासारखे क्षार आणि तंतू ह्यांचे किटण वर्षानुवर्षे धरत जाते. डॉक्टर त्यास प्लाक म्हणतात. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, रक्तातील वाढलेली चरबी आणि वाढते वय ही त्याची खते होत. हे किटण नळाच्या पृष्ठावर नसून भिंतीच्या आत असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या पोटात मऊ चरबीचा गोळा असतो आणि त्यावर तंतूंचे कवच असते. कवच जाड असेल तर माणूस ते किटण घेऊन शंभरी गाठू शकतो. कवच पातळ होऊन फाटले, किंवा किटणाच्या पोटात रक्तस्राव झाला, तर आतील मालमसाला रक्ताच्या ओघात येतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते, आणि ती गुठळी वाहत जाऊन मेंदूतील बारीक रोहिणीत अडकते. गुठळी लहान असून लगेच विरघळली, तर पाव तासात हात हलू लागतो. मोठी असली, तर अण्णांचे झाले तसे होते.

बरीच वर्षे डॉक्टरांनी धोका मोजला तो नळाचे तोंड किती अरुंद झाले ह्यावरून. त्या मापास आधार होता. उत्तर अमेरिकेत १९९१ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांस सूचनेचा झटका येऊन गेला होता आणि ज्यांची मानेची रोहिणी ७० टक्के किंवा अधिक अरुंद झाली होती, अशा रोग्यांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्या शंभरांतील २६ जणांस दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका आला. शस्त्रक्रिया करून किटण काढलेल्यांत हे प्रमाण ९ होते. तेव्हापासून '७० टक्के' हा आकडा परीक्षेतील उत्तीर्णांकासारखा होऊन बसला.

परंतु शिक्षकास ठाऊक असते की नुसत्या गुणांवरून मुलगा कळत नाही. शिकागोच्या ग्लागोव्ह ह्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हृदयाच्या रोहिण्या तपासून दाखविले की किटण वाढू लागले म्हणजे रोहिणी बाहेरच्या अंगास फुगते. किटणाने सुमारे ४० टक्के जागा व्यापीपर्यंत आतील वाट जवळजवळ पूर्वीइतकीच राहते. म्हणजे हौदात पाणी पूर्ण पडत असते आणि नळाची भिंत मात्र आतून पोखरलेली असते! झटका आलेल्या पुष्कळ रोग्यांत वाट फारशी अरुंद आढळत नाही आणि कारण सापडत नाही, त्याचे एक उत्तर येथे आहे.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही, तर अंगावरून सांगत आहोत. अण्णा गेल्यानंतर दोन वर्षांनी, दिवाळीच्या सुटीत, आम्ही नातवाचे शुद्धलेखन तपासीत बसलो होतो. लाल पेन बोटांतून गळून पडले. उचलावयास गेलो तो उजवा हात ऐकेना. नातू म्हणाला, "आजोबा, काय झाले?" आम्हांस 'पाणी' म्हणावयाचे होते, पण तोंडून भलताच आवाज निघाला. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "उन्हातून आलात, थोडे पडा म्हणजे बरे वाटेल." पडण्याची आम्हांसही इच्छा झाली होती. पण अण्णांचे ते शब्द कानात होते, आणि आम्ही तसेच मुलास घेऊन रुग्णालयात गेलो.

तेथे प्रथम सी. टी. स्कॅन झाला, कारण मेंदूत रक्तस्राव झाला आहे किंवा कसे हे त्यातून लवकर समजते. मग मानेची सोनोग्राफी केली. डाव्या रोहिणीत किटण होते, परंतु वाट अर्ध्याहूनही कमी अडली होती. आम्ही मनात म्हटले, सुटलो. तेथील डॉक्टरीणबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, वाट मोकळी आहे हे खरे. पण झटका तर ह्याच रोहिणीच्या अंगाचा आहे. आपण भिंत पाहू या." अशा रीतीने आम्ही त्या चुंबकाच्या बोगद्यात शिरलो.

त्या यंत्रास एम. आर. आय. म्हणतात. त्यात क्ष-किरण नसतात. असतो तो एक प्रचंड लोहचुंबक. नेहमीच्या यंत्रातील चुंबकाचे बळ दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसचाळीस हजार पट असते. आपल्या शरीरात पाणी व चरबी विपुल, आणि दोहोंत हायड्रोजन आहे. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र हे एखाद्या चिमुकल्या भोवऱ्यासारखे असते. चुंबकात हे भोवरे एका दिशेने आस धरून घुमू लागतात. मग यंत्र त्यांच्यावर रेडिओच्या लहरी सोडते. दीड टेस्लाच्या चुंबकात ह्या लहरी सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झच्या, म्हणजे आपण घरी एफ. एम.वर गाणी ऐकतो त्या पट्ट्याच्या थोड्या खालच्या असतात. लहर लागताच भोवरे कलतात, आणि लहर थांबताच पुन्हा सावरताना स्वतः बारीक लहरी परत धाडतात. कोणत्या जागेवरून कसा जबाब आला, ह्याचा हिशेब करून यंत्र चित्र काढते. अणूकेंद्रांचा हा गुण १९४६ साली ब्लॉख व पर्सेल ह्यांनी स्वतंत्रपणे दाखविला आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. त्यापासून चित्र काढण्याची युक्ती पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केली. ती मॅन्सफील्ड ह्यांनी पुढे नेली, आणि दोघांस २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या कामी आपल्या देशाचाही हातभार आहे, आणि तो नेमका आपल्या विषयास उपयोगी पडणारा आहे. वाहत्या द्रवातील अणूंचा जबाब स्थिर द्रवाहून निराळा येतो, ह्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन ह्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकर्ड ह्या तिघांनी दाखविले की मद्यार्कातील हायड्रोजन ज्या शेजाऱ्याच्या संगतीत असेल त्याप्रमाणे त्याचा सूर थोडा बदलतो. ह्यांतील एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तेथे त्यांनी ह्या शास्त्राचा पाया घातला.

रोहिणीची भिंत पाहावयाची तर ह्या दोन्ही गुणांचा उपयोग होतो. रक्त वाहते आहे, भिंत स्थिर आहे. यंत्र लहरींचा क्रम असा योजते की वाहते रक्त जबाब देण्यापूर्वीच पुढे निघून जाते आणि चित्रात काळे दिसते. त्या काळ्या वर्तुळाभोवती भिंतीचे कडे उमटते. आणि चरबीतील हायड्रोजनचा सूर पाण्यातील हायड्रोजनहून निराळा असल्यामुळे सभोवतालच्या चरबीचा आवाज बंद करून भिंत उठावदार करता येते. किटणाच्या पोटात रक्त मुरले असेल, तर त्या रक्तातील लोहाच्या बदललेल्या रूपामुळे विशिष्ट चित्रात तो भाग पांढरा चमकतो. निरनिराळी चित्रे शेजारी ठेवून किटणातील चरबी कोठे, क्षार कोठे, कवच जाड की पातळ, अखंड की फाटलेले, हे डॉक्टर वाचतात. हाच तो उच्छ्वास, पण जमीन न खणता उघडलेला.

बोगद्यात आम्ही सुमारे पाऊण तास होतो. हातोड्यांसारखा आवाज होतो, म्हणून कानांत बोळे देतात. हलू नका, गिळणेही शक्य तितके टाळा, असे सांगतात, कारण मान हलली की चित्र बिघडते. आम्ही मनात एकोणतिसाचा पाढा उलटा म्हणत राहिलो. नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखविले. काळ्या वर्तुळाच्या एका कडेस चंद्रकोरीसारखी पांढरी रेघ होती. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे किटणात झालेले रक्त. वाट अडलेली नाही, पण हे किटण शांत नाही." ज्यांच्या किटणात असे रक्त दिसते त्यांस पुढे झटका येण्याचा संभव इतरांहून अधिक असतो, हे अनेक ठिकाणच्या रोग्यांच्या अभ्यासातून दिसून आलेले आहे.

चित्राने काय बदलले, असे कोणी विचारील. वाट अर्ध्याहून कमी अडलेली असल्याने शस्त्रक्रियेचा सल्ला त्यांनी दिला नाही. परंतु 'थोडे किटण वयाप्रमाणे असायचेच' असे म्हणून सोडूनही दिले नाही. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या पहिले तीन आठवडे दोन प्रकारच्या आणि पुढे एक, रक्तातील चरबी उतरविणारे स्टॅटिन भरपूर मात्रेत, रक्तदाबावर काटेकोर नजर, आणि तपकिरीची डबी कायमची बंद. ह्या औषधांनी किटणातील चरबी घटते, असे अशाच चित्रांची तुलना करून आढळलेले आहे. डबी सोडणे आम्हांस औषधाहून जड गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ती चंद्रकोर पाहिल्यावर निमित्त सांगण्यास जागा उरली नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले भय उपदेशापेक्षा लवकर शिकविते, हे आम्ही वर्गात चाळीस वर्षे पाहिले होते, ते स्वतःवर अनुभवले.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. हे ऐकून उद्या प्रत्येकाने चुंबकाच्या बोगद्यात शिरावे, असा आमचा आग्रह मुळीच नाही. हे चित्र सर्वांस लागत नाही. झटका आलेल्या रोग्यापुढे पहिला प्रश्न मेंदू वाचविण्याचा असतो आणि भिंतीचे चित्र त्यानंतर येते. कित्येक वेळा सोनोग्राफी किंवा सी. टी.ने काम भागते. मेंदूच्या आतील रोहिण्या दोनचार मिलिमीटर व्यासाच्या, त्यांची भिंत पाहण्यास अधिक बळाचा, तीन टेस्लाचा, चुंबक बरा पडतो, आणि असे चित्र काढून वाचणारे जाणकार सर्वत्र नाहीत. आपल्या आशियाखंडातील लोकांत किटण मानेपेक्षा मेंदूच्या आतील रोहिण्यांत धरण्याचे प्रमाण पाश्चात्यांहून अधिक आहे, म्हणून हा भाग आपल्यासाठी विशेष महत्त्वाचा. ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके चालविणारे यंत्र बसविले आहे किंवा शरीरात धातूचा तुकडा आहे, त्यांनी ते आधी सांगितलेच पाहिजे. चित्र मागावयाचे की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे. आपण ठरवावयाचे ते एवढेच की त्यांच्या दारी वेळेवर जावयाचे.

कारण ह्या रोगात घड्याळ हाच खरा वैद्य आहे. गुठळी विरघळविणारे औषध झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रोहिणीतील गुठळी नळी घालून काढण्याची सोय निवडक रोग्यांस चोवीस तासांपर्यंत असते, पण तेथेही जितके लवकर तितके बरे. मोठी रोहिणी अडली असता मिनिटास सुमारे एकोणीस लाख मेंदूपेशी मरतात, असा २००६ साली केलेला हिशेब आहे. आम्ही अण्णांच्या अंगास तेल चोळण्यात किती पेशी घालविल्या, हा गुणाकार आम्ही एकदा मांडावयास घेतला आणि पाटी पुसून टाकली. आणि झटका येऊन आपोआप गेला, तर धोका टळला असे नव्हे. त्यानंतरचे पहिले दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. म्हणून 'आता बरे वाटते' हे घरी बसण्याचे कारण होऊ शकत नाही, उलट तेच तातडीने निघण्याचे कारण आहे.

लक्षणे सोपी आहेत. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात किंवा पाय अकस्मात निर्बळ होणे, बोबडी वळणे अथवा शब्द न सुचणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे. ह्यांपैकी एकही अकस्मात दिसले की घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवावे, १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, तोंडात पाणी, औषध काहीही घालू नये, आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

आता खर्चाचा प्रश्न. पैशाच्या विवंचनेत घरातील मंडळी एकमेकांची तोंडे पाहत बसतात आणि वेळ जातो. महाराष्ट्र शासनाची आरोग्य योजना ज्या महापुरुषाच्या नावाने आहे, त्याच ज्योतीरावांना ह्या रोगाने ह्याच शहरी गाठले होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत ठरीव उपचार रोग्याकडून पैसे न घेता होतात. तेथे 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्यास शिधापत्रिका दाखवून आधी चौकशी करावी.

मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, वर्षातून दोनदा, हळदीकुंकवाच्या दिवशी आणि ह्या संमेलनात, चाळिशीवरील प्रत्येक सभासदाचा रक्तदाब तपासून वहीत लिहावा. आपल्या ज्ञातीत पुष्कळ होतकरू डॉक्टर व परिचारिका आहेत, ती मंडळी नाही म्हणणार नाहीत. दुसरी, वर सांगितलेली लक्षणे आणि १०८ हा आकडा पुढील वर्षीच्या मंडळाच्या दिनदर्शिकेवर मोठ्या टाइपात छापावा. तिसरी, झटका आलेल्या रोग्यास रुग्णालयात नेण्याकरिता व पहिल्या दिवसाच्या तपासण्यांकरिता एक लहानसा निधी उभारावा. विद्यार्थी साहाय्य निधीस हात लावू नये. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने आपण ज्या देणग्या देतो, त्यांतून हा निधी भरावा. अण्णांच्या नावे पाच हजार एक रुपये आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. आणि उपचार मागणारा कोणत्या ज्ञातीचा आहे हे ह्या निधीने विचारू नये, अशी आमची प्रार्थना आहे. किटण ज्ञाती पाहून धरत नाही.

शेवटी एवढेच. पुढच्या वर्षी ही यादी आम्ही वाचू, की आमचे नाव दुसरा कोणी वाचील, हे परमेश्वराधीन आहे. पण आज घरी गेल्यावर आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्याने "हात जरा बधिर झाला होता, आता बरा आहे" असे म्हटले, तर आम्ही अण्णांस दिले ते उत्तर आपण देऊ नये. चपला घालून त्यांच्याबरोबर निघावे. इतके झाले तरी आमच्या ह्या बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.